गाण्याला हार, गाणाऱ्याला बेडी



२००३ सालचा नोव्हेंबर महिना. युनेस्को नावाच्या जागतिक संस्थेने मानवजातीच्या तोंडी वारशाची यादी जाहीर केली. जो वारसा दगडात नाही, कागदात नाही, माणसाच्या गळ्यात आणि अंगात आहे, त्याची यादी. दक्षिण कोरियाने नाव पाठवलं होतं पानसोरीचं. भारताने नाव पाठवलं होतं वेदपठणाचं. दोन्ही नावं एकाच वेळी, एकाच यादीत लागली.

या दोन नावांच्या मागं कोण उभं होतं, तेवढं बघू. मग पुढचं बोलू.

पानसोरी म्हणजे गाऊन सांगितलेली गोष्ट. चटईवर एक बाई नाहीतर बाप्या उभा राहतो. हातात पंखा. बाजूला एकच ढोलवाला मांडी घालून बसलेला. बाकी काही नाही. उभा राहिलेला माणूस गातो, बोलतो, रडतो, नक्कल करतो, घटकेत राजा होतो, घटकेत चाकर होतो. अख्खी कथा लावली तर सात-आठ तासही चालते. ढोलवाला मधेमधे हुंकार देतो, समोर बसलेली माणसंही देतात. त्याला ते चुइमसे म्हणतात. आपल्या शाहिराच्या मागं सुरत्या 'जी जी रं जी' करतो ना, त्याचीच ही भावकी. आणि तिथं गोड गळा चालत नाही. डोंगरात जाऊन, धबधब्यासमोर बसून, पाण्याच्या आवाजावर आपला आवाज चढवून गळा फाडावा लागतो. फाटून परत सांधलेला, खरखरीत गळा तोच खरा गळा.

गोदीत रात्रपाळी संपल्यावर एकाच्या मोबाइलवर मी ते पहिल्यांदा ऐकलं. भाषेतला एक शब्द कळला नाही. गळा मात्र कळला. असला गळा आमच्या वस्तीत होता. बाबासाहेबांची गाणी गायचा आणि खोकायचा.

कोरियात हे गाणारे कोण होते? क्वांगदे. जुन्या कोरियातही उतरंड होती. सगळ्यात वर यांगबान, म्हणजे जमीन, पोथी आणि सत्ता हातात असलेले. सगळ्यात खाली छोनमिन, म्हणजे सरळ भाषेत हलके लोक. त्या हलक्यांत गुलाम आले, जनावर कापणारे आणि कातडं कमावणारे पेकजोंग आले, अंगात येणाऱ्या मुदांग बाया आल्या, मैफलीत नाचणाऱ्या-गाणाऱ्या किसेंग आल्या आणि गावोगाव फिरून गाणारे क्वांगदे आले. १८९४ साली कायद्याने ही उतरंड मोडली. कायद्याने मोडली म्हणजे डोक्यातून गेली असं नाही, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. म्हणून तर १९२३ साली जिंजू शहरात पेकजोंगांनी समतेची संघटना उभी केली, ह्योंगप्योंगसा तिचं नाव. महाडच्या चवदार तळ्याच्या चार वर्षं आधी. कातडं कमावणारा माणूस तिकडं उठला, मेलेलं ढोर ओढणारा माणूस इकडं उठला. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पायाखालची जमीन मात्र दोघांचीही तापली होती.

तर कोरियाने जगाला सांगितलं की हा आमचा वारसा, आणि तो आमच्या समाजात सगळ्यात खाली दाबलेल्या माणसाच्या गळ्यातून आलाय.

आणि भारताने काय सांगितलं? वेद. गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलंय की शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात शिसं नाहीतर लाख वितळवून ओतावी, उच्चारला तर जीभ छाटावी. ज्या आवाजाभोवती असलं कुंपण घातलं, तो आवाज अख्ख्या मानवजातीचा वारसा! ज्याच्या कानासाठी शिसं तापत ठेवलं होतं, तो माणूस या मानवजातीत धरलाय की नाही, एवढाच आमचा साधा सवाल आहे.

वेदपठण बंद करा असं आम्ही म्हणत नाही. करा, जतन करा, तुमचा गळा तुमच्यापाशी. सवाल आहे तो देशाला आठवतं काय याचा. २००१ साली आठवलं केरळातल्या देवळांतलं संस्कृत नाटक कुडियाट्टम. २००३ साली वेदपठण. २०१७ साली कुंभमेळा. त्या कुंभमेळ्यात नाशिक आलं. आलंच पाहिजे. ज्या नाशकात २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात आमची माणसं बसली, वर्षानुवर्षं लढली आणि तरी दार उघडलं नाही, त्याच नाशकाचं गोदेतलं स्नान मानवजातीचा वारसा ठरलं. पण त्याच नाशिक जिल्ह्यातून दुसरंही काही निघालं होतं. ते कुठल्या यादीत आहे?

त्याचं नाव जलसा.

नव्या पोरांसाठी सांगतो. तमाशा आपल्या बापजाद्यांचा. महार-मांगांनी तो रक्त आटवून उभा केला आणि वरच्यांनी माडीवर बसून पाहिला. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग असा त्याचा साचा. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला. त्यांच्या मागून आलेल्या सत्यशोधकांनी हा साचा उचलला आणि त्यातला माल बदलला. भटजी-सावकाराचं सोंग लोकांसमोर उघडं पाडलं. मग १९३० च्या पुढं आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक, केरूबुवा गायकवाड, पतितपावनदास. गणपतीचा गण गेला, कृष्णाच्या खोड्या गेल्या, शृंगाराची लावणी गेली. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, झांज तीच. गाणं मात्र सांगू लागलं की मेलेलं ढोर ओढू नका, पोरगं शाळेत घाला, महाडला काय झालं ते ऐका. वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्या माणसांचं हे वर्तमानपत्र. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणाल्याचं आजही सांगितलं जातं. भीमरावांनी 'आंबेडकरी जलसे' या नावाने हा सगळा इतिहास पुस्तकात लिहूनही ठेवलाय. पुस्तक किती जणांच्या घरी आहे, हे ज्याने त्याने आपल्या फळीवर बघावं.

त्यांच्यानंतर वामनदादा. वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत गिरणीत राबले. कोणीतरी पत्र वाचायला दिलं आणि वाचता येईना, त्या लाजेने मोठेपणी अक्षर शिकले. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं आणि १५ मे २००४ ला डोळे मिटेपर्यंत हजारो गाणी लिहिली, गायली, वाटली. हो, वाटली. पिशवी खांद्याला, आज या गावात, उद्या त्या गावात. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत बाबासाहेब पहिल्यांदा शिरले ते पुस्तकातून नाही, या माणसाच्या गाण्यातून शिरले. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. मानवजातीच्या यादीत तेव्हाही जलशाला जागा नव्हती.

आणि हे आम्ही कुठं बसून बोलतोय? क्रांती चौकात. १८५७ साली या शहरातल्या घोडदळाच्या शिपायांनी बंड केलं, त्यांना जिवे मारलं तो काळा चबुतरा इथलाच, म्हणून हा क्रांती चौक. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांना १९८३ सालीच जागतिक वारशाचा मान मिळाला. जगभरची माणसं तिथं येतात, दगडातल्या बुद्धाचे फोटो काढतात आणि जातात. दगडाचा बुद्ध वारसा झाला. बुद्धाचं गाणं गाणारा जिता माणूस मात्र एखाद्या वस्तीत पत्र्याखाली झोपलेला असतो, त्याच्याकडं कोणाची बस जात नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, चला, अर्ज करू, मोर्चा काढू, जलशाला युनेस्कोच्या यादीत घाला म्हणून. थांबा. कोरियाची अर्धीच गोष्ट सांगून झालीय. उरलेली अर्धी जास्त कडू आहे.

पानसोरीला कोरिया सरकारने देशाचा वारसा ठरवलं ते १९६४ साली. तेव्हा राज्य होतं पार्क चुंग-ही या लष्करशहाचं. बरोबर सहा वर्षांनी, १९७० साली, किम ची-हा नावाच्या तरण्या कवीने एक लांबलचक कविता लिहिली. 'पाच दरोडेखोर' असं तिचं नाव. घाट पानसोरीचा, तीच टिंगल, तोच ठेका. आणि पाच दरोडेखोर कोण? बडे उद्योगपती, खासदार, बडे अधिकारी, सेनापती आणि मंत्री. कवीला उचलून आत टाकलं. कविता छापणारं मासिकही बंद पाडलं. १९७४ साली त्याच कवीला फाशीची शिक्षा सुनावली, मग ती जन्मठेपेवर आणली. तो सुटला १९८० साली.

एकाच सरकारने एका हाताने पानसोरीच्या गळ्यात वारशाचा हार घातला आणि दुसऱ्या हाताने पानसोरीत खरं बोलणाऱ्याला बेडी घातली. दोन्हीत विसंगती काहीच नाही. राजा-राणीची दोनशे वर्षांपूर्वीची कथा गा, आम्ही पगार देतो. आजच्या राजाची कथा गाशील तर तुरुंग.

हाच किम ची-हा पुढं फिरला. २०१२ च्या निवडणुकीत ज्या हुकूमशहाने त्याला फाशी सुनावली होती त्याच्याच पोरीच्या बाजूने उभा राहिला. २०२२ साली वारला. हेही लपवायचं कारण नाही. फाटलेल्या गळ्याचे पुढारी नंतर कोणाच्या मांडीवर जाऊन बसतात, हे बघायला आम्हांला कोरियाला जावं लागत नाही. माणूस फिरला म्हणून १९७० सालची कविता खोटी ठरत नाही.

आणखी एक. पानसोरीच्या कथा एके काळी बारा होत्या. आज पाच उरल्यात. एकोणिसाव्या शतकात यांगबानांना हे गाणं आवडू लागलं, गाणाऱ्यांना वाड्यावर, दरबारात बोलावणं येऊ लागलं. शिन जे-ह्यो नावाच्या जाणत्याने कथा कागदावर उतरवल्या, घासूनपुसून नीट केल्या. त्याचे उपकार आहेत. बाईमाणसालाही त्याने गायला शिकवलं. पण वाड्यावर चालेल तेच टिकलं. राजनिष्ठा, आईबापांची सेवा, पातिव्रत्य, भावाभावांची माया, असलं ज्यांच्यातून काढता आलं त्या कथा तरल्या. चावट, ओंगळ, वरच्यांच्या तोंडाला न चालणाऱ्या बऱ्याच बुडाल्या. उरलेल्यांत चुनह्यांगची कथा सगळ्यांची लाडकी. किसेंगची पोरगी, म्हणजे जन्माने हलकी. नवा हाकीम तिला अंथरुणात बोलावतो. ती नाही म्हणते. तिला फटके मारतात, आणि प्रत्येक फटक्याचा आकडा धरून ती उलट उत्तर गाते. आमच्या आयाबायांना ही कथा कोणी समजावून सांगायला नको, त्यांच्या पाठीवर ती लिहिलेली आहे. पण शेवटी तिची सुटका करतो कोण? तिचा यांगबान नवराच. आणि शाबासकी कशाबद्दल? पतिव्रतेबद्दल. हाकिमाला नाही म्हणणारी हलकी पोरगी मागं पडली आणि पतिव्रता पुढं आली. वारसा होणं म्हणजे हे असतं. आपलं गाणं वाड्यावर जातं आणि तिथून परत येतं तेव्हा त्याचे दात काढलेले असतात.

आता आपल्या घरात बघा.

अण्णाभाऊ साठे. मातंगाचं पोर, १ ऑगस्ट १९२० चा जन्म, वाटेगाव. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. स्वातंत्र्य आलं आणि मुंबईच्या सरकारने यांच्याच तमाशांवर बंदी घातली. चिरागनगरच्या झोपडीत राहून या माणसाने लिहिलं आणि १८ जुलै १९६९ ला हालात मेला. मेल्यावर टपालाचं तिकीट निघालं. १४ सप्टेंबर २०२२ ला तर मॉस्कोत पुतळा बसला, राज्याचे उपमुख्यमंत्री उद्घाटनाला गेले. आम्हांला आनंद झाला. का होऊ नये? आमचा माणूस आहे.

पण त्याच दिवशी, त्याच १४ सप्टेंबर २०२२ ला, कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप कुठं होते? तुरुंगात. २०२० च्या सप्टेंबरात एल्गार परिषदेच्या खटल्यात त्यांना धरलं होतं. खटल्याचा निकाल लागायच्या आधीच त्यांची वर्षांमागून वर्षं आत गेली. त्यांच्याआधी याच मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ ला विधान भवनासमोर येऊन उभे राहिले आणि स्वतःहून अटक झाले. शीतलच्या पोटात मूल होतं. ही पोरं गात काय होती? जातीवर, उपाशी पोटावर, खून पडलेल्या आपल्या माणसांवर. ढोलकी अण्णाभाऊंचीच होती, डफ अमर शेखांचाच होता. मेलेल्या शाहिराला मॉस्कोत चबुतरा आणि जित्या शाहिराला तळोजा-भायखळ्यात कोठडी. आता कळलं पार्क चुंग-हीचं सरकार किती लांब आहे?

आणि विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. चिडलेल्या माणसांवर राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसं मेली. चार दिवसांनी या शाहिराने आपल्या झोपडीत गळफास घेतला. ज्या गळ्याने गाणं दिलं त्याच गळ्याला दोर लावला. हा आमचा तोंडी वारसा. लावा यादीत.

इथवर दुसऱ्यांना शिव्या दिल्या. आता आरसा.

दर १४ एप्रिलला याच क्रांती चौकातून मिरवणूक निघते, भडकल गेटकडं बाबासाहेबांच्या पुतळ्याला जाते. अंगावर काटा येतो इतकी माणसं. आणि आवाज? भिंतीएवढे डीजे. छातीत धडधड, खिडक्यांच्या काचा थरथरतायत. गाणं बाबासाहेबांचंच असतं, पण शब्द कोणाला ऐकू येतो? कर्डकांच्या जलशात म्हातारी रडायची, पोरगं उद्या शाळेत जायचं. डीजेसमोर पोरगं नाचतं आणि रात्री बहिरं होऊन घरी जातं. एका डीजेच्या सुपारीत एका शाहिराचं वर्षाचं धान्य येईल. जिवंत शाहिराला आपण बोलावतो कधी? कार्यक्रमाच्या सुरुवातीला, पाहुणे यायला उशीर झाला म्हणून, वेळ मारून न्यायला. पुढारी आला की 'आवरा' म्हणून खूण करतो. सरकारने बेडी घातली हे खरं. पण वस्तीने पाठ फिरवली हेही खरं, आणि या दुसऱ्या गुन्ह्याला कुठलं कोर्ट नाही.

कोरियाकडून घ्यायचं तर एक गोष्ट घ्या. तिथं पानसोरीच्या थोर गायकाला सरकार जिता वारसा म्हणून मान देतं, महिन्याला पैसे देतं, आणि त्या बदल्यात त्याने शिष्य तयार करायचे असतात. गळ्यातून गळ्यात. आपल्याकडं वृद्ध कलावंतांना मानधन आहे, नाही असं नाही. पण ते म्हातारपणाची सोय म्हणून. कागद जमवा, दाखले जोडा, साहेबापुढं उभे राहा. तुझ्याकडून दहा पोरांनी काय शिकायचं, हे कोणी विचारत नाही. म्हातारा मेला की वही चुलीत जाते.

म्हणून आमचं म्हणणं असं.

जलसा हा वारसा आहे. त्याला कोणी तसं म्हणो न म्हणो. उद्या सरकारला जाग आली आणि त्याने जलशाचं नाव जगापुढं नेलं, तर आम्ही आडवे येणार नाही. पण अट घालू. आधी गाणाऱ्यावर गुन्हे लावणं थांबवा. गाण्यातला कुठला शब्द चालेल हे ठरवणारा अधिकारी नको. आणि आजच्या खैरलांजीवर, आजच्या रमाबाई नगरावर, आजच्या मंत्र्यावर रचलेलं नवं गाणंही त्या वारशात धरा. हे जमत नसेल तर तुमचा हार तुम्हांला लखलाभ. दात काढून मिळणारा मान आम्हांला नको.

आणि सरकारची वाट बघत बसू नका. प्रत्येक वस्तीत अजून एखादा तरी म्हातारा आहे, एखादी म्हातारी आहे, जिला वामनदादांच्या काळची गाणी तोंडपाठ आहेत. तिच्याकडं जा. मोबाइल सगळ्यांकडं आहे, गाणं भरून घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका, मोबाइल हरवतो. गाणं स्वतः शिका. कोणी रचलं, कुठं गायलं, ते नावगाव लिहून घ्या. पठ्ठे बापूरावाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या फडात गाऊन नाचून तो फड उभा करणारी महाराची पवळा किती जणांना आठवते? नाव लिहून घेतलं नाही की हे असं होतं.

जुनी वही, बाड, फाटकी जाहिरात, कॅसेट, जे असेल ते या अंकाच्या पत्त्यावर कळवा. आम्ही येऊन उतरवून घेऊ, वही तुमच्या घरातच राहील. आणि येत्या १४ एप्रिलला, मिरवणूक सुटायच्या आधी, क्रांती चौकात अर्धा तास डीजे बंद. एक ढोलकी, एक तुणतुणं, एक शाहीर. माइकसुद्धा नको. जवळ यायचं असेल त्याने जवळ यावं. मंडळवाल्या पोरांशी बोलणं सुरू केलंय. काही हसले. दोघं-तिघं म्हणाले, करू.

ज्यांना वाटतं की अर्ध्या तासाने काय होतंय, त्यांनी आपल्या आजीला विचारावं. तिने बाबासाहेब पहिल्यांदा कुठं ऐकले, ते ती सांगेल.

जयभीम.